मनाच्या दुखण्याला दाखवायचं कुणाला?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की त्रास होतोय हे कळतंय पण जायचं कुणाकडे. सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट, कोच, पाट्याच इतक्या झाल्यात की माणूस गोंधळणारच. मी स्वतः सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, म्हणजे एमएसडब्ल्यू, समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, झाल्यावर याच विषयात दोन वर्षांचं एम.फिल. करून हॉस्पिटलच्या ओपीडीत बसणारी. आमची जमात तशीही कुणाच्या लक्षात नसते, त्यामुळे इथे कुणाची बाजू घेऊन बोलण्याचं मला काही कारण नाही. पत्रं थोडी छोटी केलीयत आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई नमस्कार. माझा धाकटा दीर २४ वर्षांचा, आयटीआय करून एमआयडीसीत लागला होता. दोनेक महिने झाले, रात्र रात्र जागा असतो, एकटाच पुटपुटतो, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, ताटातलं सुद्धा आधी वास घेऊन मग खातो. कामावर जाणं बंद झालंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, एके ठिकाणी नेऊन पण आणलं. मिस्टर म्हणतात आधी काउन्सेलरकडे नेऊ, गोळ्यांच्या नादी नको लागायला, एकदा सुरू झाल्या की आयुष्यभर. काय करावं? (कराड)

ताई, सायकियाट्रिस्ट. आणि याच आठवड्यात, पुढच्या अमावस्येची वाट न बघता.

सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर, मग त्यावर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डीपीएम डिप्लोमा. गोळ्या लिहून देणं, रक्ततपासणी सांगणं, ॲडमिट करून घेणं ही कामं त्यांची. तुम्ही जे लिहिलंय ना, जेवणाचा वास घेणं, पाळतीचा संशय, एकटं पुटपुटणं (पुष्कळदा ते कानात येणाऱ्या आवाजांना उत्तर देणं असतं, घरच्यांना वाटतं स्वतःशी बोलतोय), हे समजावून सांगून जाणारं नाहीये. काउन्सेलर कितीही चांगला असला तरी त्याने समोर बसून 'अरे शेजारचे असं कशाला करतील' म्हटलं की दिराच्या यादीत तो पण जाऊन बसणार, की हा पण त्यांनाच सामील.

आजाराला मी इथून नाव देणार नाही. स्किझोफ्रेनिया असू शकतो, मेनिया (भलताच उत्साह चढून झोप उडणारा आजार) असू शकतो, मित्रांबरोबर गांजा चालू असेल तर त्यानेही असं होतं, क्वचित शरीरातलं दुसरंच काही निघतं. म्हणूनच तर डॉक्टर हवा. पहिल्या भेटीत ते घरच्यांना बरंच विचारतील, कधीपासून, झोप किती, नशापाणी, डोक्याला मार, घरात आधी कुणाला होतं का. मग दिराशी एकट्याशी बोलतील, लागल्या तर थायरॉइड, शुगर, बी-१२ अशा तपासण्या. तुम्ही एक करा, कागदावर तारखांसकट लिहून न्या, कारण ओपीडीत नेहमी असं होतं की आई एक सांगते, भाऊ दुसरं, आणि खरी कामाची गोष्ट दाराबाहेर पडताना कुणीतरी हळूच सांगतं, 'डॉक्टर, तो चुलीत मोबाईल टाकायला निघाला होता'. ती आधीच लिहा.

गोळ्यांचं म्हणाल तर पहिलाच झटका असेल तर साधारण वर्ष-दोन वर्षं तरी घ्याव्या लागतात, काहींना जास्त, आणि सगळ्यांना जन्मभर नाही. सुस्ती येते, वजन वाढतं, कुणाचे हात थरथरतात, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही, पण ते डॉक्टरला सांगितलं की डोस बदलतात, गोळी बदलतात. लोक सांगत नाहीत आणि परस्पर बंद करतात, मग पुन्हा पहिले पाढे. उपचाराला जितका उशीर तितकं सावरायला अवघड, त्यामुळे काउन्सेलरकडे दोन महिने घालवून मग बघू हा हिशोब इथे महागात पडेल.

मग सायकॉलॉजिस्टचं काय काम? आहे ना, पण थोडं नंतर. आवाज कमी झाले, झोप लागायला लागली, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याच्याबरोबर बसून संशय आला तर काय करायचं यावर काम करतात. आणि मग आम्ही सोशल वर्कर, घरच्यांना आजार समजावणं, सारखं टोचून बोलणं कमी करायला लावणं, कामावर परत कसं जायचं, एमआयडीसीतल्या साहेबाला काय सांगायचं आणि काय नाही, सरकारी कागदपत्रं. सायकियाट्रिक नर्स पण असते, डोस चुकत नाही ना, गोळी जिभेखाली लपवून मग थुंकत नाही ना, हे तिच्या नजरेतून सुटत नाही.

तो यायलाच तयार नसेल तर 'तुला वेड लागलंय चल' म्हणू नका आणि 'फिरायला जाऊ' म्हणून फसवू पण नका, एकदा फसवलं की दुसऱ्यांदा गाडीत बसत नाही. झोप नाहीये हे त्यालाही कबूल असतं बहुतेकदा, तर झोपेसाठी दाखवू म्हणा, ते खोटं पण नाही. अगदीच जिवाला धोका वाटला, त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याच्या संमतीशिवायही ॲडमिट करता येतं, पण त्याला दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट हवाच, आणि सुरुवातीला मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, पण तिथवर जाण्याआधी सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभाग बघा.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना अंगारा लावायचा तर लावू दे, गोळी चालू राहिल्याशी कारण. फक्त बांधणं, मारणं, चटके, धुरी असलं कुणी काही सुचवलं तर तिथून उठा, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय, हा तिसरा अटेम्प्ट. अभ्यासिकेत बसलो की छातीत धडधडतं, पुस्तक उघडं असतं पण डोक्यात काही जात नाही, घरून फोन आला की उचलावासा वाटत नाही. इन्स्टावर एक जण आहे, स्वतःला माइंड कोच आणि थेरपिस्ट म्हणवतो, १२ सेशनचं पॅकेज, आधी सगळे पैसे, '२१ दिवसांत अँक्झायटी मुळापासून' असं लिहिलंय. मित्र म्हणतो भारी आहे. घेऊ का? (सदाशिव पेठ)

नको घेऊस. कारण सांगते, नीट ऐक, कारण तुझ्यासारखे बरेच जण यात पैसे घालवतायत, आणि ते पण गावाकडून बापाने पाठवलेले.

आपल्याकडे थेरपिस्ट, काउन्सेलर, कोच हे शब्द पाटीवर लावायला आजच्या घडीला प्रत्यक्षात कुणी अडवत नाही. दोन दिवसांचं वर्कशॉप केलेला पण लावतो आणि काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए करून सीनियरच्या देखरेखीखाली कित्येक तास काम केलेली पण लावते, बाहेरून दोघं सारखेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नाही. त्यांना एमएनंतर दोन वर्षांचं फुलटाइम एम.फिल. किंवा त्या तोडीचा आरसीआयने, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेला कोर्स लागतो, हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत बघत शिकलेला. त्यांना नोंदणी क्रमांक असतो, सीआरआर नंबर म्हणतात, मुदत संपली की रिन्यू करावा लागतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. बाकीचे सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, आमच्यासारखे सोशल वर्कर यांच्यासाठी २०२१ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा झालाय, पण त्याची घडी अजून बसतेय, तोवर चौकशी आपली आपणच करायची.

ती कशी करायची? सरळ विचारायचं. तुमची डिग्री कुठली, कुठल्या युनिव्हर्सिटीची, पेशंटबरोबरचं ट्रेनिंग कुठे झालं, तुमच्या वर सुपरव्हायझर कोण, मला गोळ्यांची गरज वाटली तर तुम्ही कुणाकडे पाठवता. या शेवटच्या प्रश्नावर माणूस कळतो बघ. जो म्हणतो 'माझ्याकडे आलात की गोळ्या लागतच नाहीत', त्याच्या दारातून परत फीर. फ्लॅट घेताना बिल्डरला छप्पन्न प्रश्न विचारणारी आपली माणसं इथे डिग्री विचारायला लाजतात, मला याचं खरंच नवल वाटतं. चांगल्या काउन्सेलरला या प्रश्नांचा राग येत नाही. पैसे सेशनप्रमाणे घेतात, ४५-५० मिनिटांचं एक, सुरुवातीला बहुतेक आठवड्याला एकदा, आणि किती दिवसांत बरं वाटेल याची गॅरंटी कुणीच शहाणा देत नाही.

आता तुझं. काउन्सेलर चालेल तुला, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर उत्तमच. परीक्षेच्या काळजीवर सीबीटी नावाच्या पद्धतीचा चांगला उपयोग होतो, धडधड सुरू होण्याआधी डोक्यात काय वाक्य येतं ते पकडायचं आणि तपासायचं. आणि आरईबीटी ही तिच्याच जातकुळीतली पद्धत, जी मराठीत शिकवण्यात मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी आयुष्य घातलं, तिच्यात तर 'मी पास झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' या 'च'वरच बोट ठेवतात. तुझ्या मूळ पत्रात असे दोन 'च' मला न शोधता दिसले, इथे पत्र छोटं करताना ते गेलेत.

पण हेही बघ. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, अंघोळ सुद्धा जड वाटते, किंवा मरणाचे विचार येतायत, असं असेल तर आधी सायकियाट्रिस्ट, काउन्सेलिंग सोबत. विचार फारच घेरून आले तर रात्री दोनलाही १४४१६ लाव. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि घरचा फोन उचल रे, दोन मिनिटं का होईना.

मुलगा तिसरीत, नऊ वर्षांचा. तोंडी सगळं येतं, क्रिकेटचे स्कोअर पाठ, पण वहीत 'मी शाळत जतो', ब आणि व उलटसुलट. बाईंनी 'असेसमेंट करून घ्या' म्हणून चिठ्ठी दिलीये. शाळेतच एक कंपनी आली होती, बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कसा आहे ते सांगतात, तेच करून घेऊ का? सासरचे म्हणतात वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊ नको. (डोंबिवली)

बोटांच्या ठशांवरून बुद्धी, स्वभाव, करिअर काही कळत नाही. डीएमआयटी म्हणतात त्याला, रंगीत रिपोर्ट देतात जाडजूड, त्याला शास्त्राचा आधार नाही. ते पैसे वाचवा.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे लोक हमखास विसरतात आणि मग सगळं झाल्यावर कळतं की चष्मा लागलाय. मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेची चिठ्ठी आहे ती बहुतेक लर्निंग डिसॅबिलिटीच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिणं-वाचणं अडतं त्याच्या, तपासणीची, आणि ती एकटा माणूस करत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बुद्ध्यांकाची चाचणी घेतात. आपल्याकडे बिने-कामत चाचणी पुष्कळ वापरतात, कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली. दुसरी मेलिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली, तिच्यात ठोकळे जुळवायचे, चित्रातलं काय राहिलंय ते सांगायचं, असं असतं. मुलाला खेळच वाटतो, परीक्षा आहे म्हणून घरून घाबरवून नेऊ नका आणि आदल्या दिवशी तयारी तर अजिबात करून घेऊ नका, हसू नका, आया करतात. त्यानंतर स्पेशल एज्युकेटर वाचन, लेखन, गणित तपासतात, की बुद्धी चांगली असून लिहिण्यावाचण्यात किती इयत्ता मागे आहे. दोन्ही रिपोर्ट एकत्र बघून मग डॉक्टर सांगतात.

सायकियाट्रिस्ट कधी लागतो? मुलगा जागेवर बसतच नसेल, ऐकता ऐकता उठून जात असेल, म्हणजे सोबत एडीएचडी, अतिचंचलपणा आणि लक्ष न लागण्याचा त्रास, आहे का बघायचं असेल तर, किंवा शाळेच्या धाकाने पोटात दुखणं, रडणं सुरू झालं असेल तर. नुसत्या लर्निंग डिसॅबिलिटीला गोळी नाही, तिला स्पेशल एज्युकेटरबरोबरचा नेटाचा सराव आहे, महिनोन् महिने. त्यामुळे सासरच्यांना सांगा, यात वेडाचा काही संबंधच नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, प्रायव्हेट रिपोर्ट घरच्या समजुतीला आणि शाळेशी बोलायला ठीक आहे, पण बोर्डाच्या सवलतींना, जादा वेळ, लेखनिक वगैरे, सरकारने ठरवून दिलेल्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत सायन, केईएम, नायर इथे होतं. रांग असते, महिने लागतात, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट न बघता आताच नाव घालून ठेवा. दिव्यांगत्वाचा दाखला आठ वर्षांनंतरच देतात आणि १४ व्या, १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. तुमचा मुलगा नऊचा, म्हणजे वेळेत आहात.

सात-आठ वर्षं झोपेची गोळी घेतोय, अल्प्राझोलम. फॅमिली डॉक्टरनीच दिली होती, आता मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो. आधी अर्धी पुरायची, आता दीड लागते. मुलगी म्हणते सायकॉलॉजिस्टकडे जा. मला काही टेन्शन नाही, नुसती झोपच नाही. (नाशिक, वय ६१)

काका, मुलगी अर्धी बरोबर आहे. आधी सायकियाट्रिस्ट, मग सायकॉलॉजिस्ट. आणि मध्येच शूर होऊन एका रात्रीत गोळी बंद करू नका. या गोळीची शरीराला सवय लागते, एकदम सोडली तर थरथर, घाम, घालमेल, कधी फिट सुद्धा येते. ती थोडी थोडी करून काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरवायची असते आणि ते कॅलेंडर डॉक्टरनीच आखायचं. तोवर संध्याकाळचा पेग अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पहाटे बाथरूमला उठताना तोल जातो का तेही डॉक्टरना सांगा, साठीनंतर याच गोळीपायी माणसं पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात. गोळी कमी होत असताना सायकॉलॉजिस्ट झोपेसाठी वेगळी थेरपी देतात, त्यात अंथरुणात किती वेळ पडून राहायचं, दुपारची डुलकी, चहाची वेळ असं सगळं बघतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जुनाट निद्रानाशाला पहिला उपचार तोच मानतात. मेडिकलवाल्याला माझा नमस्कार सांगा, ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात आणि त्याची वेगळी नोंदवही ठेवायची असते.

आमच्या तालुक्यात सायकियाट्रिस्टच नाही. लातूरला जायचं तर दिवस मोडतो. बायकोला बाळंतपणानंतर सारखं रडू येतं, बाळाला जवळ घेत नाही. (उदगीरजवळून)

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर ते नैराश्य समजून दाखवायचंच. आणि ती भलतंच बोलत असेल, बाळाबद्दल विचित्र शंका घेत असेल, झोपच उडाली असेल, तर दिवस मोडो नाहीतर दोन, त्याच दिवशी सिव्हिलला, आणि तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.

तसं नसेल तर आशाताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स, ती ठरलेल्या दिवशी बाहेरच्या केंद्रांवर येते, तुमच्याकडे कुठला वार ते विचारून घ्या. गोळ्या तिथे फुकट मिळतात, अंगावर पाजताना चालणाऱ्या पण असतात, फक्त पाजतेय हे आधी सांगायचं. टेलि-मानसवरही आधी काउन्सेलर बोलतो आणि गरज वाटली तर पुढे डॉक्टरला जोडून देतात. आणि मोठी डिग्री नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या माणसाला कमी समजू नका, गोव्यात 'संगात' या संस्थेने गावातल्याच साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं आणि नैराश्याच्या पेशंटना त्याचा फायदा झाला, तो अभ्यास जगभर वाचला गेला. तुमच्या आशाताईला असं ट्रेनिंग मिळालं असेल तर सोन्याहून पिवळं.

हिंजवडीत जॉब करते. कंपनीने फुकट काउन्सेलर दिलाय. मी जे बोलेन ते एचआरला कळतं का? आणि मेडिक्लेममध्ये हे बसतं का?

कायद्याने तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवायची असते, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं असे मोजके अपवाद सोडून. तरी पहिल्याच सेशनला विचारा, एचआरकडे नेमकं काय जातं, नावं की नुसता आकडा, आणि ते मेलवर लिहून मागा. मन तयार नसेल तर बाहेरचा काउन्सेलर गाठा, त्यात गैर काही नाही. मेडिक्लेमचं, २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यायला हवा. ॲडमिट झालात तर क्लेम करा, नाकारला तर नाकारल्याचं कारण लेखी घ्या आणि विमा लोकपालाकडे जा. ओपीडीची फी आणि काउन्सेलिंगचे सेशन मात्र बऱ्याच पॉलिसीत बसत नाहीत, ज्यांत ओपीडी कव्हर वेगळं घेतलेलं असतं त्यात बसू शकतात, तेव्हा पॉलिसीचा कागद काढून तेवढं एक पान वाचा.